सिंथेसायझरला इस्त्रीची वायर

शुक्रवारी आमच्या वसई पूर्वेला लाईट नसायची. सकाळी नऊला जायची ती पाचच्या सुमारास यायची. त्यामुळे विजेची कामं शुक्रवारी काढायची, ही आमच्या बिल्डिंगची रीतच पडून गेली होती. मेन स्विच खाली मीटरच्या खोलीत, खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी मुंबईला कामावर. त्यापेक्षा शुक्रवार बरा. कुणी त्या दिवशी चोक बदलायचं, कुणी पंखा उतरवायचं. शॉकची भीतीच नाही. अशाच एका शुक्रवारी मी सिंथेसायझर पालथा घातला, तळाचे अठरा स्क्रू काढले, जुनी वायर कापली, नवीची टोकं सोलली आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. त्याची पिन बोर्डात खुपसली, बटण दाबलं आणि ते तापायची वाट बघत बसलो.

पाच मिनिटं बसलो. वर पंखा बंद, पाठीवरून घाम ओघळतोय, आणि मी मधूनमधून त्या टोकाला बोट लावून बघतोय, तापलं का म्हणून.

हसायला घरात कुणी नव्हतं. हिला पुण्याला जाऊन दोन महिने झाले होते. मुलीला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलं होतं, प्रवास बंद. म्हणून माहेरच तिच्याकडे गेलं आणि माहेरातला बिनकामाचा भाग, म्हणजे मी, वसईत राहिला. आदल्या वर्षी मी व्हीआरएस घेतली होती. त्याआधी सत्तावीस वर्षं सकाळी सहाला घर सोडलं आणि रात्री आठच्या सुमाराला परतलो. आपलं रिकामं घर दुपारी तीनला कसं दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं. दुपारी तीनला ते फार मोठं दिसतं. वनरूम किचन, तरीही.

पहिले पंधरा दिवस मी मजेत काढले. नंतर डबे पुसले. मग डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग चिठ्ठ्या चुकल्या म्हणून काढल्या, कारण रव्याच्या डब्यात वरीचे तांदूळ निघाले. संध्याकाळी साडेसातला हिचा फोन यायचा. "जेवलात का?" "अजून नाही." "दूध तापवलंत?" "हो." एवढं झालं की बोलणं संपायचं. सात वाजल्यापासून फोनशेजारी बसून राहणाऱ्या माणसाने खरं तर याहून काही बरं जुळवून ठेवायला हवं होतं.

एकदा मुलगी फोनवर आली. छताकडे बघून बघून कंटाळली होती. म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या सिंथेसायझरमध्ये माझी चाल अजून आहे का हो?"

"आहे म्हणजे काय! असणारच."

"मग ऐकवा ना. बाळाला ऐकवायची आहे."

"येत्या शुक्रवारी," मी म्हणालो. शुक्रवार माझ्या तोंडात का आला, ते वर सांगितलंच आहे.

तो सिंथेसायझर मी मुलगी लहान असताना भुईगावच्या एका वादकाकडून घेतला होता. लग्नांत वाजवायचा तो. गल्फला निघाला म्हणून विकत होता. मी कॉलेजात हार्मोनियम वाजवायचो, तेवढ्या भांडवलावर घेतला. देताना त्याने पोटच्या पोराची झटकावी तशी त्याच्यावरची धूळ पालथ्या हाताने झटकली आणि बजावलं, "सर, पानी लागू देऊ नका. आणि ह्यो एकच चाल लक्षात ठेवतो बगा. दुसरी भरली का पयली गेली." मी दोन वर्षांत वाजवायचा सोडला. मुलगी शिकली. दहावीच्या सुट्टीत तिने स्वतःची एक चाल बसवून त्यात भरून ठेवली आणि पुण्याला शिकायला गेली. तिथेच नोकरी, तिथेच लग्न. चाल मात्र आमच्याकडे राहिली. सिंथेसायझर दिवाणाखाली गेला.

त्या दिवशी फोन ठेवून बाहेर काढला तर वायरीचं रबर खाऱ्या हवेने चिकट होऊन तडकलेलं. हात लावला तिथे तुकडा पडत होता. वायर थेट पोटातून आलेली, ओढून बदलण्यातली नव्हे. मी तिचं पिनेकडचं टोक कापून, कागदात गुंडाळून स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दाखवलं.

"कशाची आहे?"

"सिंथेसायझरची."

"मिक्सरची देऊ?"

"अहो, वाजवायचा असतो. पेटीसारखा."

"मग साहेब, इस्त्रीची घेऊन जावा. सुती कव्हर, मजबूत. तिसरी तार कापून टाकायची. आत वायरीला गाठ मारा, म्हणजे खेचली तरी जोड तुटणार नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "नाहीतर मशीन इकडेच आणा ना. अर्ध्या तासाचं काम."

"नको, मी करतो." दोन महिन्यांनी मला पहिलंच काम मिळालं होतं. ते अर्ध्या तासात संपवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"करा. फक्त आतल्या बॅटरीला टच नाही करायचं. तिच्यावरच मेमरी चालू आहे. ती हलली तर अंदरका सब खलास."

त्या शुक्रवारी तळ उघडला, तेव्हा माझी पहिली नजर तिच्यावरच गेली. आत हिरव्या पट्टीवर रुपयाच्या नाण्याएवढी ती बॅटरी, आणि तिच्यापासून चार बोटांवर वायर जोडायची जागा. मुलीची सगळी दहावीची सुट्टी त्या नाण्यावर तगून होती. असली तर. माझ्या तोंडून गेलेलं "असणारच" मलाच दर पाच मिनिटांनी ऐकू येत होतं.

आयर्न शेवटी गॅसवर तापवलं. स्वयंपाकघरात टोक ज्योतीवर धरायचं, लाल व्हायच्या आत बाहेरच्या खोलीत पळायचं, शिसं वितळवायचं आणि ते वितळेपर्यंत टोक गार. सात फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला उंबऱ्याला ठेच लागली, पाचव्या फेरीला लुंगीला भोक पडलं. वायरीला गाठ मारायला विसरलो होतो, म्हणून सातवीनंतर सगळं काढून आणखी सहा. बॅटरीवर मी काडेपेटीचं झाकण पालथं ठेवलं होतं. तिला मी हात लावला नाही. नाहीच लावला, हे नंतर फोनवर मी दोनदा सांगितलं.

स्क्रू परत बसवले. अठरातले पंधरा. उरलेले तीन कुठून आले, कळलं नाही. पिन बोर्डात घातली आणि समोर बसलो. लाईट नव्हतीच. बिल्डिंगमध्ये एकही पंखा फिरत नव्हता, टीव्ही नव्हता. खाली कुणीतरी धुणं आपटत होतं, तेवढंच. मी पाच वाजेपर्यंत त्या यंत्राकडे तोंड करून बसून होतो, पाहुण्यासमोर बसावं तसा.

लाईट आली. पंखा फिरला, फ्रिज कण्हला आणि सिंथेसायझरवरचा तांबडा दिवा लागला. मी वाजवून बघितलं नाही. वाटलं, पहिल्यांदा तिनेच ऐकावं. शिवाय एकट्याने ऐकायचा धीर नव्हता, हेही आहेच.

साडेसातला फोन आला. मी म्हणालो, "तिला दे. आणि तूही कान लाव." रिसीव्हर सिंथेसायझरच्या जाळीसमोर धरला आणि बटण दाबलं.

एक सूर आला. मग मोकळी जागा. मग दुसरा. एका बोटाने वाजवलेलं, अगदी सावकाश, चुकलं की मागे जाऊन पुन्हा तेच. ओळीमागून तीच ओळ, जरा पुढे सरकलेली. मध्येच, सूर वर चढलेला असतानाच, थांबलं. पुढे काही नाही.

चाल मला ओळखीची वाटली नाही, पण मुलीच्या चाली मी लक्ष देऊन ऐकल्याच कधी होत्या? मी रिसीव्हर कानाला लावला. "ऐकलंस? आहे की नाही! थोडी अर्धवट सोडलीयेस, तुझी सवयच ती."

"बाबा, हे माझं नाही."

"असं कसं?"

"माझं दोन्ही हातांचं होतं. हे तर भोंडल्याचं गाणं आहे. आजोळी ऐकलंय मी. वसईत कोण म्हणतं हे?"

मी कोकणातला; आमच्या गावी भोंडला नसायचा. ही साताऱ्याची. तरीही माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, कारण मी बॅटरीचाच विचार करत होतो. "मी हात लावला नाही," म्हणालो. "झाकण ठेवलं होतं. अगं, खरंच नाही लावला."

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग ही फोनवर आली. जेवलात का, विचारलं नाही.

"बॅटरीचं काही नाही झालेलं," ती म्हणाली. "पोरगी पुण्याला शिकायला आली ना, त्यानंतरचं आहे ते. मी वाजवायची दुपारची, कधी दिवेलागणी उलटेपर्यंत. तुम्ही ऑफिसात. एकदा कुठलं तरी बटण दाबलं गेलं. तिचं पुसलं गेलं आणि माझं भरलं गेलं. नंतर कळलं मला. सांगणार कसं? पुन्हा बसलेच नाही मी त्याच्यासमोर."

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. मग विचारलं, "पण अर्धवट का गं सोडलंस? पुढचं येत नव्हतं का?"

"येत होतं की," ती म्हणाली. "तुमची बेल वाजली."