लाईनीतली चप्पल

सांगोल्याच्या माळावर बिरप्पा कधी गोंधळला नाही. मेंढरू कुणाचं, हे तो नुसत्या खोकण्यावरून सांगायचा. पण बायको तानाबाईचे डोळे दाखवायला जुळे सोलापुरात नातीकडे आला, आणि ‘लाईन’ या एवढ्याशा शब्दानं या गड्याला पार गरगरवून सोडलं!

सकाळी नात प्रियंका ऑफिसला निघाली. “आबा, दवाखान्यातली नंबराची खिडकी अकराला बंद होते. आधी लाईनीत उभे राहा. अडलं तर मी लाईनवर आहेच.”

“एकदम दोन लाईनीत कशी गं तू?”

“फोनवर हो!” म्हणत तिनं स्कूटी काढली.

रिक्षावाला म्हणाला, “दवाखाना माझ्या लाईनला नाही, पण आजींकडं बघून सोडतो.”

तानाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आज नंबर लागला नाही तर ऑपरेशनची तारीख थेट दिवाळीनंतर. तोवर मेंढ्या व्यायला लागणार. मागल्या खेपेला तिनं एक कोकरू भलत्याच मेंढीला लावलं. स्वतःच हसली, पण त्या दिवशी जेवली नाही.

दवाखान्यात रांग जिन्यापर्यंत. पुढचा तरणा माणूस म्हणाला, “तुमचं ऑनलाईन आहे का?”

“आमी ह्याच लाईनीत हाय.”

तेवढ्यात वॉचमन गरजला, “लाईन पिवळ्या लाईनीच्या आत घ्या!” बिरप्पा आपल्या पायांकडे बघत राहिला.

भिंतीकडेच्या बाकावर बसवलेल्या तानाबाईला तहान लागली. मग बिरप्पानं जन्मभर जे केलं तेच केलं. गावात टँकर येईस्तोवर घागर रांगेत आणि माणूस सावलीत. दुसऱ्याच्या घागरीला कुणी बोट लावत नाही. इथं घागर नव्हती, म्हणून त्यानं पायातली चप्पल रांगेत ठेवली आणि पाणी आणायला गेला. येऊन बघतो तर वॉचमननं ती कोपऱ्यात लोटलेली!

“आजोबा, मागून या.”

“मी लाईनीतच हाय की! ती न्हवं का माजी चप्पल?”

“मग डॉक्टर चपलेचे डोळे तपासणार व्हय?” कुणीतरी टोमणा मारला. सगळे हसले. साडेदहा वाजले होते. बिरप्पाला आपलं चुकलं काय, तेच कळेना.

“हसताय काय?” रांगेतली अक्कलकोटकडची निंगव्वा कडाडली. “चप्पल माझ्या म्होरं होती. आमच्याकडंबी टँकरला असंच चालतंय. या अण्णा, उभं राहा हितं.”

तो उभा राहिला आणि पंखे थांबले.

“लाईन गेली!” खिडकीतला कारकून ओरडला.

बिरप्पानं दचकून मागं पाहिलं. “कुटं गेली? हाय की समदी!”

आता टोमणेवालाही मनापासून हसला. कारकून म्हणाला, “घाबरू नका. आत्ता रांगेत आहेत त्यांना अकरानंतरही नंबर देतो.”

निंगव्वानं चपला रांगेत काढल्या आणि पायरीवर टेकली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. पॉलिश केलेले बूट आले, रबरी सपाता आल्या. वॉचमन काठीनं एकेक जोड सरळ करू लागला.

वीज आली, पुढचे एकेक करून आपापल्या चपलेत उभे राहिले. तानाबाईला ऑपरेशनसाठी बेस्तरवार, म्हणजे गुरुवार मिळाला.

निघताना ती थबकली. मागं उरलेल्या चपलांकडे डोळे बारीक करून तिनं विचारलं, “अवो, हितं कुनाचा कळप बसवलाय?”

“बेस्तरवारनंतर तूच वळखून सांग,” बिरप्पा म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला.