सुमनकाकूंचं वाढत गेलेलं घर

घरात काही आनंदाचं घडलं की लोक पेढे वाटतात; वसमतला आमच्या शेजारी राहणाऱ्या सुमनकाकू गवंडी बोलावत. थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा मागे खोली निघाली. धाकटी नर्स झाली, वरचा मजला चढला. काका रिटायर झाले, तर गल्लीच्या बाजूने ऐसपैस जिना आला. त्या जिन्यावर आम्ही बायका रोज संध्याकाळी भाजी निवडत बसायचो. "सुख आलं की त्याला बसायला जागा नको का?" असं काकू म्हणत. नगरपालिकेची परवानगी घ्यावी, हे मात्र त्यांच्या कधी मनातही आलं नाही. काकांनी एकदा विषय काढला, तर म्हणाल्या, "आपल्याच घरात खोली काढून राहिलो, त्यांना काहून विचारायचं?"

पुढे काका गेले. वर्षभराने नांदेडला धाकटीला जुळं झालं. एकटी पोरगी दोन लेकरं नि नोकरी कशी सांभाळणार, म्हणून काकूंनी घर विकून तिच्याजवळ जायचं ठरवलं. आखाडा बाळापूरचं एक शिक्षक जोडपं बघताक्षणी घराच्या प्रेमात पडलं. पण त्यांच्या बँकेने मंजूर नकाशा मागितला, आणि नगरपालिकेच्या लेखी काकूंचं घर म्हणजे दोन खोल्या नि वर पत्रे, एवढंच होतं. कर्ज अडलं आणि व्यवहारही अडला.

एक दलाल जुन्या तारखेचा कागद करून आणतो म्हणाला. काकूंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "पोरीला नोकरी लागल्यावरचा मजला, ती शाळेत असतानाचा कसा म्हणू मी?"

मग रीतसर अर्ज केला. मोजमापाला आलेल्या इंजिनिअरने प्रत्येक बांधकामाचं साल विचारलं. काकूंना एकही साल सांगता येईना. कुणाचं डोहाळजेवण, कुणाचा निकाल, असं सांगत त्यांनी त्याला घरभर फिरवलं. बिचारा लिहायचं सोडून हसत सुटला. शेवटी म्हणाला, बाकीचं दंड भरून नियमित होईल, पण जिना गल्लीत आलाय, तो पाडावा लागेल.

काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसल्या.

"पाडा," म्हणाल्या. "लेकरांपुढं जिन्याचं काय घेऊन बसायचं?"

घेणाऱ्यांशी बोलून आतून लोखंडी जिना ठरला. पाडायला काकूंनी आपला नेहमीचाच गवंडी बोलावला आणि दिवसभर अख्ख्या गल्लीला गरम भजी खाऊ घातली. कुणाला वाटलं असतं, घरात बारसं आहे.

कागद हातात आले, खरेदीखत झालं. निघायच्या दिवशी नव्या मालकिणीने काकूंना चहाला थांबवलं. मीही होते. ती आतून विचारत होती, "काकू, साखर किती घालू?" काकू ओट्याकडे जायला उठल्या, दारात थबकल्या आणि मागे येऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या.

"घर तुझं हाय बाई," त्या हसत म्हणाल्या, "तू करशील तसा पिऊ."