कुडापलीकडची जखम

साठ सालाच्या आसपास मी मालवण तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. बंदुकीची जखम तिथे क्वचितच बघायला मिळे.

एका सकाळी थोरल्या भावाने धाकट्याला बैलगाडीतून आणलं, तेव्हा तो गेलेलाच होता. रानडुकरांपासून पीक राखायला दोघे शेतावरच्या मांगरात, म्हणजे खोपटात, मुक्कामाला असत.

"मी अडखाळलंय, डाक्टरानु, आनि बार सुटलो," थोरला सांगत होता. "तो मांगरात होतो, कुडाच्या पल्याड. अगदी जवळच."

फौजदारांना ते पटेना. छर्रे छातीवर, खांद्यावर, गळ्यापर्यंत विखुरले होते. जवळून उडालेला बार सहसा एकाच मोठ्या भोकातून आत घुसतो. इतका पसरायचा तर तो बराच लांबून सुटायला हवा.

"लांबून नेम धरून मारलंय," ते म्हणाले. आदल्या दिवशी जमिनीच्या वाटणीवरून दोघे भांडल्याचं वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

शवविच्छेदनात मात्र जखमांतून बांबूच्या कपच्या निघाल्या. छर्रेही चेपलेले होते. मी फौजदारांना घेऊन शेतावर गेलो. मांगराच्या कुडाला, त्या मातीने लिंपलेल्या बांबूच्या भिंतीला, भोक पडलं होतं आणि त्याची बाहेरची कड दारूने काळी झाली होती. बार कुडाजवळच उडाला होता. बांबूवर आपटून छर्रे फाकले होते. थोरला अंतराबद्दल खरं बोलत होता. रत्नागिरीच्या कोर्टात मी तेच सांगितलं आणि तो सुटला.

काही दिवसांनी त्यांची आई दवाखान्यात आली. रोग्यांची रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "डाक्टरानु, जखम बघून तुमका सगळा कळता मा?"

"थोडंफार कळतं, आई."

"मगे माका सांगा. कुडापाठी धाकटो उभो आसा, ह्या थोरल्याक म्हायत होता काय?"

कोर्टात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"जखमेवरून ते कळत नाही," मी म्हणालो.

"तो रोज माझ्याफुडे जेवूक बसता," ती म्हणाली. "मी वाढतंय. तेच्या तोंडाकडे बघूक माका जमना नाय."

मी तिला पाणी दिलं. तिने ते तसंच ठेवलं, पदर सावरला आणि उन्हातून वाडीकडे चालू लागली.