उजवा कौल मी डावा सांगितला

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. आप्पांनी लक्ष्मीला कौल लावला, उजवा कौल मिळाला, म्हणून त्यांची सून नर्सची नोकरी करता करता शिकली आणि आज दवाखान्याचा कारभार बघते. गेल्या जत्रेत देवळाच्या कमिटीनं याच गोष्टीसाठी माझा सत्कार केला. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो नम्रपणा वाटला. खरं म्हणजे मला वर बघवत नव्हतं, कारण समोर गाभारा होता. लक्ष्मीनं उजवा कौल दिला, हे खरं आहे. पण मी तो डावा म्हणून सांगितला, हेही तितकंच खरं आहे. आता वय झालं आहे. चुकीची गोष्ट गावात मुरायच्या आत ती नीट करून ठेवावी, म्हणून लिहायला बसलो आहे.

निपाणीहून बोरगावकडे जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. गावदेवी लक्ष्मीला कौल लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे. कुणाला मुलीचं लग्न ठरवायचं असतं, कुणाला बोअर मारायची असते, कुणाला कोल्हापुरात दुकान टाकायचं असतं. आमची जुनी रीत अशी: विचारणारा मंडपात बसतो. मी गाभाऱ्यात जातो, शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. तिच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्यावरची पडली तर नकार. पडलेली पाकळी बाहेर आणून मी त्या माणसाच्या तळहातावर ठेवतो, आणि मग आत जाऊन राहिलेली ओल्या फडक्यानं टिपून घेतो. गाभाऱ्यात त्या वेळी दुसरं कुणी नसतं. म्हणजे देवी काय बोलली ते एकट्या मलाच कळतं. वडिलांनी हे काम माझ्या हाती देताना सांगितलं होतं, पाकळी आपण लावायची, बोलायचं तिनं. इतकी वर्षं मी ते पाळलं होतं.

वैशाली माझ्या एकुलत्या एका मुलाची बायको. नर्सिंगची पदवी घेऊन आमच्या घरी आली आणि निपाणीतल्या एका खाजगी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली. मुलगा कागलच्या कारखान्यात, कोगनोळीचा नाका ओलांडून त्याची रोजची ये-जा. माझी बायको तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. तिला पुसून घेणं, कूस बदलणं, दुखऱ्या अंगाला मालिश करणं, हे सगळं वैशाली ड्युटीला जायच्या आधी आणि आल्यावर करायची. तोंडातून कधी ब्र नाही. एका संध्याकाळी मला ताट वाढताना ती म्हणाली, “आप्पा, एक इचारू? दवाखाना कसा चालवायचा, ह्याचं शिक्षण असतंय. एम.बी.ए. म्हणत्यात. घरात बसून, मोबाईलवर. नोकरी सोडाय नको.”

“सिस्टर हाईस की आता. आनि काय व्हायचं हाय?”

“आप्पा, माणूस आजारानं कमी आनि वाट बघून जास्त हैराण हुतंय. वर खाट मोकळी असती, खाली पेशंट बाकड्यावर बसून कण्हत असतंय. कुणाचा कुणाला पत्त्या न्हाय. मी सलाईन लावते, इंजेक्शन देते, पर हे काय माझ्या हातात न्हाय. ते हातात घ्यायचं हाय मला.”

मला तिचं बोलणं नीट कळलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मला एवढंच दिसलं की ही शिकली की बेळगावला जाईल, पुण्याला जाईल, आणि आमच्या घरातलं कूस बदलणारं माणूस जाईल. पण तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, “देवीला इचारू. ती म्हणंल तसं.” तिनं लगेच मान डोलवली. देवी माझ्या मनासारखंच बोलेल, अशी माझी खात्री होती. आयुष्यभर देवीची सेवा करणाऱ्याला हा एक रोग जडतो, देवीचं मन आपल्यालाच कळतं असं त्याला वाटू लागतं.

शुक्रवारी सकाळी तिला सुट्टी होती. ती मंडपात खांबाला टेकून बसली. मी आत गेलो, पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली. इतका झटकन होकार मी क्वचितच पाहिला होता. मी तसाच उभा राहिलो. मग ती पाकळी उचलली, बाहेर आलो, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, “डावी पडली, पोरी.”

ती पाकळीकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली. “आलेच हाय तर ओटी भरून येते.” मी मागं वळून पाहिलं नाही. चपला घातल्या आणि सरळ घरची वाट धरली. त्या दिवशी राहिलेली पाकळी टिपून घ्यायला मी विसरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे वैशालीला मोबाईलचं वेड लागलं. गोठ्यात शेण भरताना कानात ती इयरफोनची बोंडं, मालिश करताना मोबाईल उशाशी, बसस्टॉपवर उभी असली तरी तेच. मला राग यायचा. शिकू दिलं नाही म्हणून ही आता नाटकं-सिनेमे बघत बसते, असं वाटायचं. मी टोमणे मारायचो. “सिस्टरबाई, रोग्याची नाडी बगताना तरी बोंडं काढता न्हवं?” ती हसून म्हणायची, “काढते की आप्पा. नाडी लई हळू बोलती.” दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. माझ्या हातानं लावलेल्या पाकळ्या पडेनात. माणसं मंडपात ताटकळायची, मी आत घामेजून उभा. दोन्ही खांद्यांवर पाकळ्या तशाच, जणू चिकटवून टाकलेल्या. हवा दमट आहे, पाकळी जाड निघाली, आज देवीची इच्छा नाही, अशी काहीतरी कारणं देऊन मी लोकांना परत पाठवायचो. खरं कारण मला माहीत होतं. देवीनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

पुढं मला न्यूमोनिया झाला. निपाणीतल्या डॉक्टरांनी बेळगावला न्यायला सांगितलं. वैशाली त्या दिवशी ड्युटीवर होती, सुटून येते म्हणाली. मुलानं मला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. भर दुपारची वेळ. आत घेतलं, ऑक्सिजनची नळी लावली आणि स्ट्रेचर व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलं. वर खाट नाही म्हणे. मुलगा वर धावला, वरच्यांनी खाली विचारा म्हटलं. खाली आला, खालच्यांनी वर विचारा म्हटलं. माझा श्वास पुरत नव्हता. छातीत कुणी ओला गोणपाट कोंबल्यासारखं झालं होतं. त्या अवस्थेत मला वैशालीचं बोलणं शब्दन्‌शब्द आठवलं. वर खाट मोकळी असते, खाली माणूस कण्हत असतो. मी डोळे मिटले आणि म्हणालो, आई, तू बोलली होतीस, मी खोटं बोललो. आता तुला जे करायचं ते कर. आयुष्यात हजारो गाऱ्हाणी घातली, पण ज्यात मी काहीच मागितलं नाही असं हे पहिलंच.

डोळे उघडले तेव्हा शेजारी एक बाई उभी होती. साधी सुती साडी, अंबाड्यात शेवंतीची वेणी. तिनं आधी कानडीत विचारलं, मग मराठीत. “ह्यांना हितं कुणी ठेवलंय हो?” मुलानं सांगितलं. तिनं फोन लावला. आवाज चढवला नाही, पण समोरच्याला पळवाटही ठेवली नाही. “वरचे सकाळी डिस्चार्ज झालेले पेशंट औषधाच्या पिशवीची वाट बघत खाटेवरच बसलेत न्हवं? त्यांना हॉलमधी खुर्च्या द्या, चहा द्या. चादरी बदला. मी आजोबांना घेऊन येतेय.” आणि स्वतः स्ट्रेचरला हात लावून ती लिफ्टकडे निघाली.

खाटेवर टेकल्यावर, जरा दम आल्यावर मी विचारलं, “बाई, तुम्ही डॉक्टर काय?”

“न्हाय हो आजोबा. मी सिस्टर होते. आता कुठं काय अडलंय ते बघायचं काम करते. ड्युटी करत करत मोबाईलवर शिकले.”

“घरच्यांनी शिकू दिलं?”

ती हसली. “आमचे सासरे म्हणाले, तू शीक बाई, कुकर मी लावतो. पयल्या दिवशी भात करपवला, पण लावला.”

उशी सारखी करायला ती वाकली, तेव्हा तिच्या वेणीतून शेवंतीची एक पाकळी सुटली आणि माझ्या उजव्या खांद्यावर पडली. तिचं लक्षही नव्हतं. ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली, तर सिस्टर म्हणाल्या की त्या बाई दुसऱ्या शाखेतल्या, काल मीटिंगपुरत्या आल्या होत्या. ती तुमच्या-आमच्यासारखीच बाई होती, भात करपवणारा सासरा असलेली. तिला देवी म्हणावं असं मी म्हणत नाही. पण त्या व्हरांड्यातून तिला त्या घटकेला कुणी नेलं, एवढं मला ठाऊक आहे. मला त्यात शंका नाही.

घरी आलो तेव्हा वैशाली सासूच्या खाटेजवळ बसून तिच्या पायाला तेल लावत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. “पोरी, त्या दिशी उजवा कौल पडला हुता. मी खोटं सांगितलं.”

तिचे हात थांबले नाहीत. “मला ठावं हाय, आप्पा.”

“कवापास्नं?”

“त्याच दिशी. तुमी चपला घालत हुता, मी ओटी घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापातूर गेले. डावी पाकळी देवीच्या खांद्यावर तशीच. उजवा खांदा मोकळा.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमाला कशाला बोलायचं? मी देवीला इचारलं हुतं. तिनं व्हय म्हटलं. त्याच आठवड्यात नाव घातलं.”

“मग ती कानातली बोंडं?”

“कालेजचे तास असत्यात ते, आप्पा.”

खाटेवरून हसण्याचा आवाज आला. माझी बायको अर्ध्या तोंडानं हसत होती. वैशाली म्हणाली, “आईंना सगळं पाठ हाय. मालिश करताना रोज मोठ्यांदा वाचते न्हवं. परीक्षेला आई बसल्या तरी पास हुत्याल.” मुलालाही माहीत होतं. घरात न कळलेला एकटा मीच.

मीही हसलो. पण मग ती जे बोलली त्यानं हसू गेलं. परीक्षा ऑनलाइन असते, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा बोलण्याचा आवाज आला तर पेपर रद्द. घरी मी असल्यामुळं मागचा पेपर तिनं दवाखान्याच्या चादरी ठेवायच्या खोलीत बसून दिला होता. मध्येच एक आया चादरी न्यायला आली, आणि पेपर गेला. आता तोच पुन्हा द्यायचा होता. याही वेळी गेला तर सगळं वर्ष वाया. ही माझ्या खोट्याची शिक्षा होती, आणि ती भोगत होती वैशाली.

आमच्या घरात मोबाईलला धड नेटवर्क एकाच जागी मिळतं. हायवेकडच्या खिडकीपाशी, म्हणजे देवघरात. पेपर सकाळचा, नेमका माझ्या पूजेच्या वेळेचा. इतक्या वर्षांत घरची पूजा मी एकदाही चुकवली नव्हती, तापातसुद्धा. मी आदल्या दिवशी देवघर झाडून घेतलं, चौरंग सरकवून तिथं टेबल मांडलं, घंटा काढून कपाटात ठेवली. “आप्पा, पूजा?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “तू बस. माझी पूजा दाराबाहेर हाय.”

त्या सकाळी मी दारात ठाण मांडून बसलो. कुकर लावला नाही, शिट्टीच्या भीतीनं; पातेल्यात भात शिजवला, आणि करपवलाच. कुत्रं हाकललं, भंगारवाल्याला हातानंच खूण करून पुढं धाडलं. शेजारचा रामू डोकावला. “आप्पा, आज घंटा ऐकू आली न्हाय. बरं न्हाय व्हय?” मी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल रं. आज देवी परीक्षेला बसलीया.”

वैशाली पास झाली, पुढचेही पेपर त्याच देवघरात दिले, आणि आता ती निपाणीतल्या त्याच दवाखान्याचं व्यवस्थापन बघते. कौल उजवा होता एवढंच गावात पसरलं, मधलं खोटं घरातच राहिलं. ती आम्हाला सोडून कुठंही गेली नाही. मला वाटलेली भीती खोटी होती आणि तिनं मागितलेलं खरं. तिच्या सासूची कूस आता मी बदलतो. जमतं.

कौल लावायचं काम मी आजही करतो, पण पद्धत बदलली आहे. विचारणाऱ्याला मी मंडपात बसू देत नाही. बाई असो, बाप्या असो, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभं करतो आणि सांगतो, देवीनं काय दिलं ते तुझ्या डोळ्यांनी बघ. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा पाकळी पुन्हा पडली. डावी की उजवी, ते मी सांगितलं नाही, समोरच्यानं पाहिलं. मला लोक विचारतात, आप्पा, ही नवी रीत कशापायी काढली? त्यांना द्यायचं उत्तर इतके दिवस माझ्यापाशी अडकून पडलं होतं. ते आज इथं लिहिलं. येत्या शुक्रवारी ती शाल खांद्यावर न घेता मी हे मंडपात उभं राहून वाचणार आहे, गाभाऱ्याकडं तोंड करून. आता मला वर बघायला भीती वाटत नाही.