चिमूटभर मिठाची परीक्षा

किस्से गोळा करायला फार काही करावं लागत नाही, नुसतं गप्प बसावं लागतं. लग्न होऊन परभणीत आले तेव्हा नवी सून म्हणून मी गप्पच होते, आणि नोकरी लागली तीही गप्प बसायचीच! आरोग्य केंद्रांतल्या नर्स आणि आरोग्यसेवकांना ट्रेनिंग द्यायचं, आणि त्यानंतर त्यांचं काम खरंच सुधारतं का ते बघायचं, असं एक संशोधन चाललं होतं. मी गावोगाव जाऊन कोपऱ्यात बसायचं, काम कसं चाललंय ते बघायचं, फॉर्मवर टिक करायची. मधे बोलायचं नाही. न बोलता जे साठलं, ते आता तुम्हाला ऐकावं लागणार.

पहिला किस्सा घरातच घडला. सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे नर्सा काम करणार अन् तू बगणार?"

"हो."

"मी पहाटंपासून राबायलेय, मला कुणी बगायलंय का?"

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापायला बसले, तर त्या समोर पाट टाकून बसल्या.

"काही हवंय का?"

"न्हाई. चालू दे तुजं. मी मधी बोलत न्हाई."

*

ट्रेनिंग परभणीत, भर मे महिन्यात. शिकवायला पुण्याकडचे एक डॉक्टर होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. पहिला धडा हात धुण्याचा. नेमकं नळाला पाणी नव्हतं.

सर म्हणाले, "समजा, पाणी आहे."

मग सगळ्यांनी कोरडे हात चोळले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं झालं. शिंदेभाऊ नावाचे एक आरोग्यसेवक होते. भरघोस मिशा आणि अतिशय आज्ञाधारक. त्यांनी तर न आलेलं पाणी झटकलंसुद्धा.

पुढं मी त्यांचं काम बघायला गेले. एका पोराच्या गुडघ्याला लागलं होतं. शेजारी भरलेला रांजण, वर साबणाची वडी. शिंदेभाऊ रांजणाकडं पाठ करून उभे राहिले, हवेत हात धुतले, एकही पायरी चुकवली नाही, आणि पट्टी उचलली.

माझ्यानं राहवलं नाही. "भाऊ, पाणी?"

"मॅडम, पाण्याचं पुढच्या ट्रेनिंगमधी असंल की!"

*

याच ट्रेनिंगमध्ये सर एकदा स्वतः आजारी बाळाची आई झाले. टॉवेलची गुंडाळी छातीशी धरून स्टुलावर बसले. शिंदेभाऊंनी नर्स होऊन त्यांची विचारपूस करायची होती.

"साहेब, आपल्या बाळाला..."

"साहेब नाही. मी आई आहे."

"व्हय साहेब."

"शिंदे, मी खेड्यातली साधी बाई आहे. माझ्याशी तसंच बोला."

शिंदेभाऊंनी बराच विचार केला. मग हात जोडून म्हणाले, "आईसाहेब, मालक कुटं गेलेत?"

नंतर जुलाबाचा धडा झाला. एक पेला पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. देण्याआधी स्वतः चाखून बघायचं. सर म्हणाले, "डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको."

मागून शिंदेभाऊंचा आवाज आला, "साहेब, ते डोळ्यांतलं पाणी चाखायचं ट्रेनिंग कवा हाय?"

*

ट्रेनिंगनंतरचे आकडे मात्र फार सुंदर आले. मी ज्या केंद्रात बसे, तिथं सुई उकळलेली, हात धुतलेले, बायकांची बैजवार, नीट चौकशी. सर खूष!

मला उलगडा झाला तो मानवतच्या एस.टी.त. शेजारच्या बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर होतं. मी विचारलं, "कालच का नाही नेलं दवाखान्यात?"

"न्हाई ओ. काल कामून न्यावं? आज ती लिवणारी बाई येती. ती आली की सुई उकळतेत."

मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "मग त्यांना दिसणार नाही असं बघा."

पुढच्या खेपेला मी केंद्रासमोरच्या कडुलिंबाच्या झाडामागं उभी राहिले. पाच मिनिटांत आतून एक म्हातारी काठी टेकत आली.

"बाई, इथं कामून उभ्या ऱ्हायल्या? आत चला की. सिस्टर हात धुयाच्या थांबल्यात तुमच्यासाठी!"

*

आता कमल सिस्टरचं सांगते.

कमल सिस्टर बौद्ध वस्तीतल्या, आणि त्यांच्याकडं दिलेलं गाव सगळं मोठ्या शेतीवाल्यांचं. ते नामांतराचे दिवस होते. एस.टी.त कुणी विद्यापीठाचा विषय काढला, की अर्धे प्रवासी खिडकीबाहेर बघायला लागत. सिस्टरना मात्र रोज त्याच गावात, त्याच घरांच्या ओसऱ्यांवर जावं लागे. कुणी वाईट बोलत नसे. प्यायला पाणी मागितलं, तर वरून ओंजळीत ओतत, एवढंच.

साखर-मिठाचं पाणी शिकवताना सिस्टर हात मांडीवर ठेवून बसत आणि बाळाच्या आईला सांगत, "तुमीच घ्या पाणी. तुमीच घाला मीठ. चाखा बरं." आई करायची, लेकरू प्यायचं, बरं व्हायचं.

फॉर्मवर मात्र प्रश्न होता, 'कार्यकर्तीने पाणी स्वतः करून, चाखून दाखवले का?' नाही. पहिल्या फेरीत सिस्टर नापास झाल्या. दुसऱ्या फेरीतही नापास झाल्या, तर महिनाभराचं निवासी ट्रेनिंग होतं, तेही दुसऱ्या जिल्ह्यात. आणि सिस्टरचं धाकटं लेकरू अजून अंगावर पीत होतं.

सरांनी त्यांना बोलावलं. सर मनानं चांगले होते.

"तुम्हाला सगळं येतंय. मग करून का दाखवत नाही?"

"सर, त्यांचं पाणी हाय."

सर विचारात पडले. "गावात पाणी कमी आहे का?"

"न्हाई सर," सिस्टर म्हणाल्या. "पाणी लय हाय."

सरांनी ते टिपून घेतलं.

*

दुसऱ्या फेरीला सर स्वतः आले. जीपमध्ये सिस्टर माझ्या शेजारी. झरीचा फाटा मागं पडला तेव्हा हळूच म्हणाल्या, "महिनाभर दूध तोडलं, तर लेकरू मला वळखंल का ओ?" मी त्यांचा हात धरला.

घर गावातलं सगळ्यांत थोरलं. नातवाला जुलाब लागलेले. त्याची आई त्याला घेऊन खांबाला टेकलेली, सासू दारात उभी. या आजीचा गावभर दरारा. आजीनं सरांना खुर्ची दिली, मला सतरंजी दिली. सिस्टर नेहमीच्या जागी, पायरीवर.

"करा सुरू," सर म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

सिस्टरनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग उठल्या, ओसरीवर चढल्या आणि सुनेनं आणून ठेवलेल्या तांब्याला हात लावला.

गोठ्यात म्हैस तेवढी रवंथ करत होती.

त्यांनी पेल्यात पाणी ओतलं, साखर घातली. मिठाच्या डब्यात बोटं घातली, दाराकडं एकदा बघितलं. चिमूट घातली, ढवळलं, हातावर थेंब घेऊन चाखलं. आणि तशाच थांबल्या. पेला पुढं करेनात, खालीही ठेवेनात.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

आजी दारातून पुढं आली. सिस्टरच्या हातातून पेला घेतला आणि एक घोट घेतला. सुनेच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

"खारट झालं," आजी म्हणाली. "तुमच्यात एवढं मीठ खातेत व्हय?"

सिस्टरचा चेहरा उतरला होता, पण आवाज शाबूत होता. "मीठ तुमच्याच डब्यातलं हाय, आजी."

सरांनी घसा खाकरला. फॉर्मवर पेन टेकवलं.

"थांबा ओ," आजी त्यांच्याकडं न बघताच म्हणाली. पेला अंगणात रिता केला, विसळला, पुन्हा भरला आणि सिस्टरच्या हातात दिला. "कर गं आता नीट. लेकरू ताटकळलंय."

सिस्टरनी पुन्हा केलं. पुन्हा चाखलं. आजीनंही चाखलं, जिभेवर जरा घोळवलं, आणि चमचा नातवाच्या तोंडाला लावला. तो प्यायला.

मग आजी सरांकडं वळली.

"जमलं," ती म्हणाली. "लिवा."

सरांनी लिहिलं.