साखरेचा जांभळा आकडा

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरूही नये असे मला वाटते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. मेहकर तालुक्यात मी नवा फौजदार होतो. अंगात रग फार, धीर कमी. साखर तेव्हा रेशन कार्डावर मिळे, तीही बेताची. एका बाजाराच्या दिवशी आमच्या जमादारांनी खबर आणली की डोणगावकडच्या एका खेड्यातला रेशन दुकानदार साखर कार्डावर चढवतो आणि परस्पर विकतो.

दोन शिपाई घेऊन सायकलींवर निघालो. ऊन मी म्हणत होते. दुकानापुढे मळ्यातल्या सात बाया भाजीच्या टोपल्या उतरवून उभ्या होत्या. त्यांतली एक वयस्क बाई पुढे आली.

"साहेब, कार्डावर साखर चढली, पन माह्या घरी चिमूटभर नाई आली. पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. त्याईले काय पाजू?"

दुकानदार साठीचा, धोतर-टोपीतला. त्याची रीत साधी होती. माल कमी आला की ज्यांचा वाटा राहिला त्यांच्या कार्डावर तो पेन्सिलीने आकडा घालून ठेवी, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांचा नंबर पक्का. ही पेन्सिल अशी की कोरडी लिहिली तर करडी उमटते, ओल लागली की जांभळी होते. साखर मापून दिली की तो जिभेला बोट लावून आकड्यावरून फिरवी. करडा आकडा म्हणजे माल द्यायचा आहे, जांभळा म्हणजे दिला. साऱ्या गावाला ही खूण ठाऊक होती.

सातही कार्डांवरचे आकडे जांभळे होते.

"दिल्याबिगर मी बोट फिरवत नाई, साहेब," तो म्हणाला. "परवाना गेला तर जाऊ द्या. पन गावानं चोर म्हनलं तर मी जगू कसा?"

असली वाक्ये मी पुष्कळ ऐकली होती. त्याच्याच गल्ल्यावरची पेन्सिल उचलून मी टिपणवहीत त्याच्या नावापुढे 'आरोपी' लिहिले आणि वही सदऱ्याच्या खिशात टाकली. पंच बोलावले, गावातली सगळी कार्डे जमा केली आणि बेरीज मांडली.

बेरजेने मला चांगलेच तोंडघशी पाडले. आलेल्या पोत्यांपेक्षा कार्डांवरच्या जांभळ्या आकड्यांची साखरच जास्त भरली, आणि जास्तीची साखर बरोबर या सात बायांच्या वाट्याएवढी. चोराच्या हातून माल घटतो, वाढत नाही. जी साखर गावात आलीच नाही, ती याने विकली कशी?

मी त्या बाईचे कार्ड पुन्हा हातात घेतले. कागद दमट होता, घडीत मेथीचे पान चिकटले होते.

"बाई, कार्ड कुठे ठेवता?"

"टोपलीत, भाजीखाली. बाजार करूनच दुकानात येतो ना आम्ही. काऊन?"

भाजी सुकू नये म्हणून वर सारखे पाणी शिंपडलेले. मी दुकानदाराकडून कोऱ्या कागदावर एक आकडा लिहून घेतला, कागदाची घडी करून मेथीखाली ठेवली. गुळाचा चहा होईपर्यंत थांबलो. पंचांसमक्ष घडी उघडली, तर आकडा गर्द जांभळा!

ती बाई पुढे झाली. "भाऊ, मी तुमाले काहीबाही बोलली. माफ करजा." दुकानदाराने टोपीने डोळे पुसले. मला फार बरे वाटले. पाव्हण्यांसाठी त्याने स्वतःच्या घरातली वाटीभर साखर आणून तिच्या पदरात टाकली. पुढच्या गाडीला बाकीच्यांनाही साखर मिळाली.

निघण्याआधी नोंद खोडावी म्हणून मी खिशातली वही काढली. घामाने ती चिंब झाली होती. 'आरोपी' हा शब्द जांभळा होऊन पानभर पसरला होता.

दुकानदार वाकून पाहत होता. तो हसला. "साहेब, तुमचीबी नोंद भिजली ना!"

मी ते पान फाडून त्याच्या हातात दिले. पुढे नोकरीत कितीतरी वह्या भरल्या, पण तपास संपल्याशिवाय तो शब्द कोणाच्या नावापुढे लिहिला नाही.