मोहिनीच्या चिखलाची माती

आमची मोहिनी नागपूरले चिखल करायचं शिकून राह्यली. हसू नका. अख्ख्या कारंजा तालुक्यात एवढी शिकलेली पोरगी दुसरी दाखवा मले. मी नववीतच शाळा सोडली, पण तिचा मोठा भाऊ हावो, म्हणून सांगतो.

तेलाची विहीर खोदतानी भोकात पातळ चिखल सोडतात. तो भोकाची भिंत धरून ठेवते. पण चिखलातलं पाणी भिंतीत मुरलं, का भिंत ढासळते. मोहिनी त्या चिखलात डोळ्याले दिसत नाई इतके बारीक कण टाकते. नॅनो म्हणतात त्याले. ते कण बारीक छिद्रं बुजवतात, पाणी गळू देत नाई. चिखलासाठी तिले आपली काळी माती वापरून पाह्यची होती, पाण्यानं फुगते म्हणून.

"भाऊ, पोतंभर माती आणजो," म्हणे.

मी दोन पोते नेले. तेही संत्र्याच्या बागेतले, दहा वर्षं शेणखत खाल्लेल्या मातीचे. अशी माती आष्टीपर्यंत कोणापाशी नाई. चाळून, खडे येचून नेली.

तीन महिने झाले, तिचं काही जमेना. दर खेपी चिखलातलं पाणी कमी-जास्तच गळे. तिचे सर म्हणाले, या महिन्यात जमलं नाई तर विषय बदला. म्हणजे दोन वर्षाची मेहनत गेली. पोरगी फोनवर धड बोलेना, म्हणून मीच गेलो.

"ते कण खराब हायेत का?"

"नाई."

"मशीन?"

"चांगली हाय."

"मंग काय, माती?" मी हसूनच इचारलं.

ती खाली पाहू लागली.

"काऊन वं?"

"शेणखत हाय ना भाऊ तिच्यात. कुठं जास्त, कुठं कमी. धुतलं तरी निघत नाई."

"कधी समजलं तुले?"

"दुसऱ्याच महिन्यात."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू चाळून आणली होती," म्हणे.

गावी येऊन पडीत वावरात माणूसभर खोल खोदलं, जिथं मूळबी पोचत नाई. ढेकळं जशीच्या तशी भरून पोतं पोचवलं.

आठव्या दिवशी मी वखर हाकून राह्यलो होतो, तं फोन आला.

"भाऊ, तीनही खेपी सारखंच आलं. पाणी गळणं अर्ध्यावर आलं..."

पुढं नुसते हुंदकेच आयकू आले.

"रडून घे," म्हटलं. "मी फोन धरून हावो."

बैल जुपलेलेच उभे राह्यले.